कुलूप पोहे देत नाही

देवरे सर वांगी निवडत नसत. बुधवारी नाशिकच्या गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात बाकीची गिऱ्हाइकं वांगी उलटीपालटी करून, देठ दाबून, भाव पाडून घेत, तेव्हा सर ढिगासमोर शांत उभे असत. मग शर्टाच्या खिशातून प्लास्टिकचं कव्हर घातलेली एक पातळ वही निघे. डोळे मिटून ते एका पानावर बोट ठेवत, बोटाखाली जो आकडा येई तितकी वांगी डावीकडून मोजत आणि त्या नंबरचं वांगं पिशवीत टाकत. अर्धा किलो वांगी घ्यायला त्यांना पंधरा मिनिटं लागत.

"अहो साहेब, किडकं हे ते. टाका तिकडं, दुसरं घ्या," भाजीवाली म्हणायची.

"निघालं ते निघालं," सर म्हणायचे.

तिला बिचारीला दया यायची. ती एक चांगलं वांगं वरून पिशवीत टाकायची. सर ते काढून परत ढिगात ठेवायचे आणि म्हणायचे, "हे आपलं नाही." एकदा तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "साहेबांना घरी कोनी बोलत नाय का?" मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी आपली हसले आणि माझी वांगी दाबून दाबून घेतली.

त्या वहीत दुसरं काही नव्हतं, नुसते आकडे. पानंच्या पानं आकडे, आणि त्यांना कसलाही क्रम नाही. रँडम नंबरचं पुस्तक म्हणतात त्याला. सर्वेक्षणाच्या धंद्यात ते लागतं, आणि देवरे सर त्याच धंद्यात होते.

नव्वदच्या दशकात मी समाजशास्त्रात बी.ए. करून घरी बसले होते, तेव्हा शालिमारजवळ चपलांच्या दुकानावर असलेल्या त्या ऑफिसात मला नोकरी लागली. काम सोपं वाटलं. फॉर्म घेऊन घरोघर जायचं आणि विचारायचं. घरात माणसं किती, पाणी कुठून येतं, आजारी पडलात तर कोणत्या डॉक्टरकडे जाता. सगळ्या नाशिकला विचारणं शक्य नसतं, म्हणून नमुन्यादाखल काही घरं काढायची, तेच सॅम्पल. ती घरं काढणारा माणूस म्हणजे देवरे सर. मूळचे सटाण्याकडचे. एरवी आमच्यासारखंच बोलत, पण मनातलं काही बोलायचं झालं की त्यांच्या तोंडी गावाकडची अहिराणी यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा नव्या मुलींना समोर बसवून सांगितलं, "पातेल्यातलं वरण कसं झालंय ते बघायचं, तर आधी ढवळायचं. वरचं पाणी चाखून वरण पातळ झालं म्हणायचं नाही. कोणतं घर घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं नाही, मी पण ठरवायचं नाही. नंबर सांगस, आपण नही."

मग नियम. घर बंद असेल तर तीनदा जायचं, तिन्ही वेळा वेगवेगळ्या वेळेला. तिसऱ्यांदाही कुलूप असेल तर फॉर्मवर 'बंद' असं लिहायचं आणि निघायचं. त्याच्याऐवजी शेजारचं घर घ्यायचं नाही. "बदली घर आपण घेत नाही," हे वाक्य ते दिवसातून दहा वेळा म्हणत. "रकाना रिकामा राहू दे. रिकामा रकाना खोटं बोलत नाही."

मी मान डोलावली आणि तिसऱ्याच दिवशी बदली घर घेतलं.

सातपूरची चाळ होती. माझ्या नंबरच्या घराला दोनदा कुलूप दिसलं. डोक्यावर ऊन, पायात नवी चप्पल चावत होती. शेजारच्या घरातल्या काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, पोहे दिले आणि न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं दिली. फॉर्म कसा सुबक भरला गेला. नंबर तेवढा मी कुलपाच्या घराचा टाकला. कोणाला कळणार होतं?

संध्याकाळी सरांनी फॉर्म हातात घेतला आणि उजेडाकडे धरला. दुसऱ्या पानावर हळदीच्या तेलाचा बारीक डाग होता आणि त्याला पोह्याचा कण चिकटला होता.

"तुमच्या यादीत हे घर दोनदा बंद दाखवलंय," ते म्हणाले. "कुलूप पोहे देत नाही, ताई."

मला वाटलं, आता नोकरी गेली. पण ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच मला लूनावर मागे बसवून त्याच चाळीत घेऊन गेले. कुलपाच्या घरात नवरा कंपनीत, बायको दवाखान्यात आया, दोघांच्या पाळ्या उलटसुलट. बाई रात्रपाळी करून नुकती आली होती, डोळे लाल. तिने पंधरा मिनिटांत उत्तरं दिली. तिच्या घरी पाणी येतं तेव्हा दोघंही कामावर असतात, म्हणून ती विकतचं पाणी घेते. शेजारच्या काकूंनी मला सांगितलं होतं की इथे पाण्याचा काही त्रास नाही.

परतताना सर म्हणाले, "घरी असणाऱ्यांनाच विचारत गेलात, तर अहवालात येईल की सगळं नाशिक दुपारी झोपतं."

त्यानंतर मी कधी बदली घर घेतलं नाही. खोटं कशाला सांगू, मोह पुष्कळदा झाला.

नंबर काढायला या माणसाला ऑफिसचं कामही पुरत नसे. एका वर्षी ऑफिसची सहल काढायची ठरली. सगळ्यांच्या मनात त्र्यंबक किंवा इगतपुरी. कोणीतरी गमतीत म्हणालं, सरांनाच काढू द्या. सरांनी जिल्ह्यातल्या सगळ्या तालुक्यांची यादी केली, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. नांदगाव निघालं. ऐन मे महिना. आम्ही सगळे नांदगावला गेलो, स्टँडजवळच्या लिंबाखाली बसून भेळभत्ता खाल्ला, बाजारातून दोन चकरा मारल्या आणि घामाघूम होऊन परत आलो. सरांनी तिथल्या रसवंतीवाल्याला घरातली माणसं किती ते विचारलं, तेवढाच काय तो कार्यक्रम. गंमत म्हणजे नंतरच्या सगळ्या सहली मी विसरले, नांदगाव आठवतं.

पण सरांची खरी गोष्ट वेगळीच होती. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्यांना स्वतःचं घर सॅम्पलमध्ये यायला हवं होतं.

पंचवीस वर्षं ते लोकांची घरं काढत होते. त्यांचं स्वतःचं घर सिडकोत होतं, आणि सिडकोत तर कितीतरी सर्वेक्षणं झाली. नंबर कधी मागच्या गल्लीत पडला, कधी समोरच्या ओळीत, एकदा तर थेट शेजारच्या वाघकाकूंकडे. सरांचं दार कोणी वाजवलं नाही. घरात त्यांनी एक फाइल तयार ठेवली होती. रेशनकार्ड, लाइटबिल, घरपट्टी, सगळं क्रमाने लावलेलं. फॉर्म घेऊन येणाऱ्यासाठी बिस्किटांचा पुडाही असायचा. तो शिळा झाला की नवा आणत.

"सर, यादी तुम्हीच करता ना?" मी एकदा म्हणाले. "टाका की स्वतःला. कोण बघतंय?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळाची दानपेटी फोडायला सुचवलंय. मग म्हणाले, "आपण इतक्या लोकांना विचारलं. आपल्याला कोणी विचारावं असं वाटस." मी विषय बदलला. मला वाटायचं, म्हातारपणाचा छंद आहे, असतो एकेकाला.

पुढे दोन हजार सालानंतर कधीतरी पुण्याची एक संस्था आरोग्याचं सर्वेक्षण करायला नाशिकला आली. एका गुरुवारी सर ऑफिसात पेढे घेऊन आले. त्यांच्या दारावर खडूने नंबर पडला होता.

"आता दोन दिवस रजा घ्या आणि घरी बसा," मी म्हणाले.

"कशाला? सॅम्पलच्या घराने रोजच्यासारखंच राहायचं. सजूनधजून बसलं तर ते उत्तर खरं कसं?"

शुक्रवारी दुपारी पुण्याची मुलगी आली, तेव्हा सर ऑफिसात होते. शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा आली, तेव्हा सर इगतपुरीला होते. तिथे आमच्या यादीत रेल्वेत रूळ बदलणाऱ्या एका पॉइंट्समनचं घर होतं आणि तेही दुसऱ्यांदा बंद निघालं होतं. रात्री घरी परतले तर दाराखाली चिठ्ठी. 'तिसरी भेट रविवारी सकाळी दहा वाजता. दुपारी आमची टीम मालेगावला जाईल. सुवर्णा.' ही सुवर्णा कोण? चार वर्षांपूर्वी सरांच्याच हाताखाली काम शिकून पुण्याला गेलेली आमची मुलगी.

चिठ्ठी घेऊन सर तसेच माझ्या घरी आले. पॉइंट्समनची सुट्टी नेमकी रविवारीच. शेजाऱ्यांनी सांगितलं होतं की सकाळी नऊपर्यंत तो सापडेल, मग गावी जातो. आमचे फॉर्म सोमवारी जाणार होते. मी म्हणाले, मी जाते इगतपुरीला. पण ती पुरुषांची प्रश्नावली होती, दारू-तंबाखूचे प्रश्न होते, पुरुषानेच विचारायची असा करार होता. आमच्याकडचा दुसरा पुरुष लग्नाला गेला होता.

"लिहून टाका 'बंद'," मी म्हणाले. खरं सांगते, मला मनापासून तसंच वाटत होतं. "पंचवीस वर्षांनी नंबर आलाय तुमचा."

"तिसरी भेट बाकी शे," सर म्हणाले आणि घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "साडेसहाची एसटी पकडतो. लवकर आलो तर आलो. ती आली तर चहा द्या. थांबली तर थांबेल, आग्रह करायचा नाही."

त्या रविवारी मी पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरले. दोन खोल्या, लख्ख झाडलेल्या. फाइल टेबलावर, शेजारी बिस्किटं. दारावरची पाटी मी बाहेरून कधी नीट वाचली नव्हती. भास्कर देवरे, आणि खाली सौ. इंदुमती देवरे. वाघकाकू लगेच आल्याच. त्यांच्याकडून कळलं की इंदूवहिनी हे घर घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी गेल्या, मूलबाळ नव्हतं. सरांनी पाटी काही बदलली नाही.

सुवर्णा दहाच्या ठोक्याला आली. चहा घेतला, घड्याळ बघत बसली. साडेअकराला गल्लीच्या तोंडाशी जीप हॉर्न वाजवायला लागली. तिचा सुपरवायझर आत येऊन म्हणाला, "अहो, शेजारचं घर घ्या आणि चला. काकू बसल्यात बघा तयार." वाघकाकू खरंच पदर सावरून बसल्या होत्या.

माझा धीर सुटला. मी म्हणाले, "सुवर्णा, मला विचार. सरांचं सगळं मला ठाऊक आहे."

"ताई, तुम्ही या घरच्या आहात का?"

"नाही."

तिने फॉर्मवर 'बंद, तीन भेटी' असं लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरले होते, पण अक्षर सरळ होतं. सुपरवायझर कुरकुरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बदली घर आम्ही घेत नाही, सर."

साडेबाराला देवरे सर आले, इगतपुरीच्या पावसाने चिंब. प्लास्टिकच्या पिशवीतला भरलेला फॉर्म मात्र कोरडा होता. पॉइंट्समन भेटला होता. सरांनी दारावरचा खडू बघितला, टेबलावरची बंद फाइल बघितली आणि मला विचारलं, "शेजारी नाही ना गेली?"

"नाही. 'बंद' लिहून गेली."

त्यांचा चेहरा उजळला. "शिकली पोरगी," ते म्हणाले. मग खुर्चीत बसून टॉवेलने बराच वेळ डोकं पुसत राहिले.

मला ते बघवेना. मी पिशवीतून आमच्या जुन्या सर्वेक्षणाचा एक कोरा फॉर्म काढला. "सर, मी विचारते."

"हा कुठे धरला जाणार नाही."

"माहीत आहे."

ते उठले, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला, फाइल मांडीवर घेतली आणि ताठ बसले. मी पहिल्यापासून सुरुवात केली. नाव, वय, शिक्षण. प्रत्येक उत्तराला कागद पुढे करत होते. घरात एकूण माणसं किती, या प्रश्नाला मात्र ते थांबले. उत्तर देणाऱ्याला सुचवायचं नाही, थांबायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी थांबले.

"एक," ते म्हणाले. "लिहा."

वैवाहिक स्थिती. विधुर. किती वर्षं? एकवीस. त्याच्याखाली पाण्याचे प्रश्न होते, पण मी पेन खाली ठेवलं. "सर, तेव्हा तर तुमचं वयही फार नव्हतं. दुसरं लग्न का नाही केलंत?"

"हा प्रश्न फॉर्मात नाही."

"नाही."

ते आत गेले, चहा ठेवला, दोन कप घेऊन आले. बिस्किटांचा पुडा फोडून माझ्यापुढे केला. आणि खिडकीकडे बघत, मला शिकवत असल्यासारखे म्हणाले, "घर बंद शे, म्हणून शेजारचं घेतो का आपण, ताई?"

पुढचं अक्षर मला नीट दिसेना. फॉर्म पुढ्यात असताना काही खायचं नाही, असा पोह्यांच्या दिवसापासून माझा पक्का नियम होता. मी बिस्किट चहात बुडवून खाल्लं, आणि एक थेंब 'एकूण माणसं'च्या रकान्यावर पडला. सरांनी तो डाग बघितला. नुसतं म्हणाले, "हं, पुढचा प्रश्न विचारा."