जयरामबाबांनी मारलेली माणसं

जयरामबाबांनी पेडण्यात आणि आसपास मिळून सत्तावीस माणसं मारली. त्यातली बरीचशी पुढे कितीतरी वर्षं आठवड्याच्या बाजाराला नेमाने येत होती.

जयरामबाब सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि रहस्यकथा लिहायचे. दिवसभर बाटल्यांवर कागदाची पट्टी डकवून माणसं जगवायची आणि सुट्टी झाली की कोरगावला घरी जाऊन त्यांना मारायचं, असा त्यांचा क्रम. कादंबऱ्या घाटावरचा एक प्रकाशक छापायचा. मुखपृष्ठावर हटकून एक पिस्तूल आणि एक बाई असायची. आत बहुधा दोन्ही नसत. आत असायचं आमचं पेडणे. गल्ल्या त्याच, हॉटेलं तीच, माणसंही तीच, फक्त नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे. मोपाच्या सड्यावर, त्या मोकळ्या पठारावर, तेव्हा विमानतळ झाला नव्हता. गवत होतं आणि जयरामबाबांची प्रेतं होती.

कुणाला राग यायचा म्हणाल, तर नाही. बाबल न्हावी दोन कादंबऱ्यांत दोनदा मेला. त्याने दोन्ही पानं दुकानात आरशाशेजारी चिकटवली होती. दाढीला बसलेलं गिऱ्हाईक साबण लावलेल्या तोंडाने स्वतःच्या न्हाव्याचा खून वाचायचं. उलट, एक पोस्टमास्तर पाच वर्षं पेडण्यात काढून न मरताच बदलून गेले, तेव्हा निरोपाच्या दिवशी ते खरोखर हिरमुसले होते.

मी तेव्हा तिथल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. बाजाराजवळच्या एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, बारा कपाटं आणि चढताना कुरकुरणारा जिना. दवाखाना सुटला की जयरामबाब यायचे आणि कोरगावची शेवटची बस येईपर्यंत बसायचे. आल्या आल्या तपास सुरू. "जनेल बंद. हेतू काय?" मी म्हणायची, धूळ येते. मग खिडकी उघडून बाहेर बघायचे, खरंच धूळ आहे का. कुणी जाड पुस्तक दोन दिवसांत परत केलं की ते हातात घेऊन हुंगायचे. "तीनशे पानां दोन दिसांत? संशयास्पद."

एकदा मासिकातलं पाककृतीचं पान कुणीतरी फाडून नेलं. जयरामबाबांनी आठ दिवस तपास केला. कोण मासिक कधी घेतं, कुणाच्या पिशवीत कात्री असते, बाजारात अचानक वेलची कुणी घेतली. नवव्या दिवशी येऊन मला म्हणाले, "गुन्हेगार सापडलो. तिच्या घरा पावणे येवचे आसले. हेतू शुद्ध. प्रकरण बंद." नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर मात्र ते पान त्यांच्या टपोऱ्या अक्षरात उतरवलेलं होतं. मासिकात चिकटवायला.

एकदा मी धीर करून विचारलं, "बाब, सगळ्यांना मारलंत. मला का नाही?"

ते गंभीर झाले. "बाय, तुका मारून चलाचा नाय. मगे पुस्तकां कोण दितलो?"

अशा दिवसांत वरच्या कचेरीतून एक पत्र आलं. वाचक कमी आहेत, जागा दुसऱ्या कामाला हवी आहे, पुस्तकं म्हापशाला हलवावीत असा विचार आहे. दोनेक महिन्यांत एक साहेब येऊन पाहणी करतील आणि मग ठरेल. मी ते पत्र जयरामबाबांसमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ह्यो खून," ते म्हणाले. "आजपर्यंत प्रेत सापडल्यार तपास केलो. ह्या खेपेक आदीच करूंक जाय."

पुढच्या सोमवारी ते एक जाड वही घेऊन आले. नव्या कादंबरीचं पहिलं प्रकरण, हाताने लिहिलेलं. छापायला द्यायचं नाही. घरी न्यायचं नाही. ज्याला वाचायचंय त्याने इथे बसून वाचायचं. दर सोमवारी एक प्रकरण.

पहिल्या प्रकरणात मोपाच्या सड्यावर 'पेडणे बाजारातल्या एका नामांकित गृहस्थाचं' प्रेत सापडलं होतं. नाव दिलं नव्हतं. तोंड ओळखू येत नव्हतं.

बुधवारपर्यंत पेडण्यातले सगळे नामांकित गृहस्थ, आपण मेलो की काय हे बघायला, तो जिना चढून आले. दुसऱ्या प्रकरणात त्यातले चारजण जिवंत असल्याचं सिद्ध झालं, ते नाराज होऊन गेले आणि तिसऱ्या सोमवारी परत आले, कारण आता ते संशयित होते. एकच वही आणि माणसं तीस. मग बाबल न्हावी सोमवारी दुकान लवकर बंद करून मोठ्याने वाचायला लागला. त्याचा आवाज चांगला होता आणि स्वतः मागे दोनदा मेलेला असल्यामुळे त्याला अनुभवही होता.

ऐकायला येणाऱ्यांत सखूबाई होती. बाजारात मासे विकायची. तिला वाचता येत नव्हतं. टोपली खाली ठेवून ती वर यायची आणि दाराबाहेर पायरीवर बसायची, अंगाला मासळीचा वास येतो म्हणून. पहिल्या दिवशी जयरामबाबांनी स्वतःची खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली आणि तिला आत बोलावलं. एकदोघांनी नाकं मुरडली. जयरामबाब सहसा स्वतःबद्दल बोलत नसत. त्या दिवशी बोलले.

"हांव दवाखान्यात लागलंय, तेन्ना अंगाक फिनेलचो वास येय. खानावळीत माका कोनशाक बसयत. हंय येऊन बसलंय, तर कोणी उठयलो ना, कोणी नाव सुद्धा इचारलां ना. हांव धावी नापास. विषां, कायदो, मराठी, सगळां ह्या कपाटांनी शिकयलां." मग सखूबाईकडे वळून म्हणाले, "बस गो. ही कदेल सरकारची."

साहेब आले ते नेमके सातव्या सोमवारी. जिना चढून वर पोचले तर दारातच अडले, आत पाय ठेवायला जागा नव्हती. ते खाकरले. मी उठून पुढे येणार तोच त्यांच्यापुढच्या माणसाने मागे न बघता "गप रव मरे!" म्हणून त्यांना दटावलं. साहेबांनी हातातली फाईल छातीशी धरली आणि प्रकरण संपेपर्यंत उभ्याने ऐकलं. मग कपाटं बघितली, मी काढलेले कागद बघितले आणि निघताना जयरामबाबांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "त्या डॉक्टरचा हात आहे ना?"

"माफ करा," जयरामबाब म्हणाले, "तपास चालू आहे."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. वाचनालय जिथे आहे तिथेच राहील. खाली शाईच्या पेनने एक ओळ होती, 'शेवटचे प्रकरण आल्यावर कृपया कळवावे.'

बाबलने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. जयरामबाब मात्र फारसे बोलले नाहीत. आम्हाला वाटलं, ते कथेत आहेत.

आणि मग शेवटचं प्रकरण आलंच नाही. एक सोमवार गेला. दुसराही गेला. जयरामबाब वाचनालयात यायचे बंद झाले. दवाखान्याच्या खिडकीत गाठलं तर म्हणाले, मनगट दुखतंय. तेच मनगट घासूघासून खलात गोळ्या कुटत होतं.

रविवारी सकाळी मी बस पकडून कोरगावला गेले. काजूच्या बागेला लागून त्यांचं घर. आईवडील गेल्यापासून ते एकटेच राहायचे, एवढं ठाऊक होतं. तिथे जाणं मात्र पहिल्यांदाच. ओट्यावर बसले होते. मला बघून चपापले. आत टेबलावर वही होती, वर औषधाची रिकामी बाटली ठेवलेली.

"लिहून झालंय?" मी विचारलं.

"कदीच जालां."

"मग?"

त्यांनी काजूच्या झाडांकडे तोंड वळवलं.

"बाय, बसचो ड्रायव्हर माका इचारता, कोण? सकाळी पोदेर पाव घेऊन येता, सायकल थांबयता, इचारता, कोण? काल तर एक म्हातारो मुद्दाम वाट वाकडी करून आयलो. बसलो. पाणी प्यालो. इचारलां, कोण? हांव जल्मापासून ह्या घरात रवतंय. इतकी माणसां हंय कधी थांबूंक नाय. आता एकदा खुनी कळलो की सगळी आपापल्या घरा जातली."

वाचनालयाच्या कामात माणूस कोणतं पुस्तक कधी नेतो हे मला पाठ असायचं. हे मात्र मला कळलं नव्हतं, आणि ते रोज माझ्यासमोर दोन तास बसत होते. त्यांनी चहा केला, साखर घालायला विसरले. मी तसाच प्याले. वही मागितली नाही. उठताना एवढंच म्हटलं, "उद्या सोमवार."

सोमवारी ते आले. वही बाबलच्या हातात दिली आणि दाराजवळ उभे राहिले, मधेच निघता येईल असे. बाबलने वाचलं. खुनी निघाले बदलून गेलेले पोस्टमास्तर. एकच हशा झाला, टाळ्या पडल्या, "माका आदीच ठाऊक आसलां" असं निदान दहाजण म्हणाले. साहेबांना मी पत्र लिहायचं कबूल केलं. मग कुणाला दूध काढायचं होतं, कुणाची म्हापशाची बस होती. जिना कुरकुरत राहिला आणि पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. जयरामबाबांनी वही उचलली आणि तिचे दुमडलेले कोपरे एकेक करून सरळ करायला लागले.

सखूबाई उठली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "मेलेल्यांचां जालां. आता तुजां सांग."

"माजां? माजां कितां?"

"तू एकटोच मरे थंय. रांदता कोण?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कपाटाकडे बघितलं.

"हांवच," ते म्हणाले.

"आनी दुखणां आयलां जाल्यार?"

ते दारापासून आत आले. एक खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. खाली कोरगावच्या शेवटच्या बसने दोनदा हॉर्न दिला आणि ती निघून गेली. त्यांना ते ऐकू आलं नसावं. ते सखूबाईला सांगत होते की इतकी वर्षं झाली, पण एकट्यापुरता भात किती घालायचा ह्याचा अंदाज त्यांना अजून येत नाही.