वांगं नाही, तुळसाबाई

उद्घाटनाला दोन तास उरले होते, तेव्हा बळीरामच्या लक्षात आलं, की आपली बायको डोकं खाली आणि पाय वर अशी लागली आहे.

तो हॉलमधल्या लोखंडी स्टँडपुढे उभा राहिला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा घातला. बायको तशीच होती. चित्राखाली शालिकरामच्या सुबक अक्षरातली पट्टी चिकटवलेली होती : 'वांगे. चित्रकार : बळीराम.'

"शालिकराम! इकडे ये जरा."

शालिकराम हातात डिंकाची बाटली घेऊन आला. "काय झालं?"

"हे काय हाय?"

"वांगं." शालिकरामने चित्राकडे कौतुकाने पाहिलं. "मस्त उतरलं हाय. देठ जरा मोठं झालं, पण चालते."

"ते देठ नाही. ते साडीचे काठ हायत."

"वांग्याले साडी?"

"ती तुळसा हाय!"

शालिकरामने मान डावीकडे वाकवली, उजवीकडे वाकवली. मग सदुसष्टाव्या वर्षी जेवढं वाकता येतं तेवढं वाकून त्याने खालून वर पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"अरे बापा," तो म्हणाला. "वहिनीच हायत."

शालिकरामला एकट्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. रंगसाथी कला मंडळात सगळे भिलाईच्या कारखान्यातून किंवा रेल्वेतून निवृत्त झालेले लोक. दर रविवारी सकाळी भय्याजींच्या गॅरेजमध्ये ते चित्रं काढायला बसत. भय्याजी अध्यक्ष. आधी भाजी जमली पाहिजे, मग माणूस, असा त्यांचा नियम होता. या वर्षी तीन महिने समोर भाजीच ठेवलेली होती, आणि त्यातही वांगं जास्त, कारण वर्ग संपल्यावर समोरची भाजी अंजनाबाई घरी नेत आणि त्यांना वांग्याचं भरीत आवडे. परिणामी प्रदर्शनाला आलेल्या बारा चित्रांपैकी पाच वांगी होती. सहावं दिसलं तेव्हा शालिकरामला नवल वाटलं नाही.

बळीरामने मात्र भाजी काढलीच नव्हती. तुळसाबाईला जाऊन दहा महिने झाले होते आणि भिंतीवर लावायला तिचा एक फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की तुळसाबाई पाठ फिरवायची. "मले नको, पोरीचा काढा." रोशनीच्या लग्नाच्या अल्बममध्ये ती चार ठिकाणी आहे, चारही ठिकाणी पाठमोरी. म्हणून बळीरामने तिला जशी येत होती तशी काढली. अंगणात बसून तांदूळ निवडणारी, डोक्यावर पदर, वांगी रंगाची साडी आणि जमिनीवर पसरलेले हिरवे काठ. चेहरा त्याला जमत नव्हता. पाठ जमली.

आणि आज रोशनी येत होती. नागपूरहून, एका दिवसाची सुट्टी काढून, संध्याकाळच्या गाडीने परत जायला. बळीरामनेच फोनवर सांगितलं होतं, "ये. तुझ्या आईचं चित्र लावून राहिलो."

"आता काढ अन् सरळ लाव," शालिकराम म्हणाला. "त्यात काय?"

त्यात काय होतं ते बळीरामला माहीत होतं.

मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात चित्रं सुतळीने टांगलेली होती. पंखा लावला, सुतळी सुटली, आणि एक भोपळा फ्रेमसकट प्रमुख पाहुण्यांच्या पायावर पडला. पाहुण्यांनी भाषण बसून केलं. तेव्हा बळीराम सभेत उठून म्हणाला होता, "पुढच्या वर्षी माह्याकडे सोडा. तीस वर्षं एक चित्र हालणार नाही."

तो छत्तीस वर्षं वेल्डर होता. त्याने अँगलचे तीन स्टँड बनवले, माणसापेक्षा उंच, प्रत्येकावर चार चित्रं. फ्रेमही लोखंडाच्या, स्टँडलाच वेल्ड केलेल्या. पुढून काच, मागून पत्रा, आणि पत्रा चारही बाजूंनी वेल्ड केलेला. रंगाला धग लागू नये म्हणून त्याने प्रत्येक चित्र ओल्या घोंगडीवर पालथं ठेवून काम केलं. चित्राची वरची बाजू कळावी म्हणून मागे शालिकरामने खडूने बाण काढले होते. शालिकराम जन्मभर स्टोअरमध्ये होता, खोक्यांवर असेच बाण काढायचा. त्याचा बाण कधी चुकत नसे. बाण जिकडे तिकडे वर, एवढंच बळीरामने पाहिलं. बायकोला उलटी करून त्याने स्वतःच्या हाताने पक्की केली होती.

"ग्राइंडर गाडीच्या डिकीत हाय," बळीराम म्हणाला. "पंधरा मिनिटांत कापतो."

"कोण काय कापून राहिलं?" मागून आवाज आला.

तो नरेशभाऊ होता. कारखान्यात सेफ्टी विभागात होता आणि निवृत्त झाल्याचं त्याने अजून मान्य केलेलं नव्हतं. त्याने हॉलभर नजर फिरवली.

"पडदे. टर्पेंटाइनच्या बाटल्या. प्लास्टिकच्या साठ खुर्च्या. अन् तुमी इथं ठिणग्या उडवाल? परमिट हाय?"

"नरेशभाऊ, हा हॉल हाय. कारखाना नाही."

"आगीले ते समजते का? परमिट पाहिजे. त्यावर इन्चार्जची सही पाहिजे."

"इन्चार्ज कोण?"

"भय्याजी."

भय्याजींना बोलावण्यात आलं. ते नवा कोसा रेशमी कुर्ता घालून आले आणि म्हणाले, "सही करतो, पेन आना."

"सही करून भागत नाही," नरेशभाऊ म्हणाला. "काम संपेपर्यंत इन्चार्जनं जागेवर उभं राहाले पाहिजे."

"मले तर पाहुण्यांले आनाले जाचं हाय, सिन्हासाहेबांले!"

"मग काम होत नाही."

अंजनाबाई इतका वेळ रांगोळीचे ठिपके टाकत होत्या. पदराला हात पुसत त्या उठल्या. "एवढं डोकं कावून लावता? चित्र फिरत नाही ना? मग स्टँडच फिरवा. वरचं खाली करा."

कल्पना चांगली होती. एवढी सोपी गोष्ट चार पुरुषांना सुचली नाही, याचंही थोडं वाईट वाटलं.

"पण बाकीची तीन चित्रं?" शालिकरामने विचारलं.

त्या स्टँडवरची बाकीची चित्रं पाहण्यात आली. एक अंजनाबाईंचा मरोदाचा तलाव. वर झाडं, खाली पाण्यात झाडं. "माह्या तलावाले काही फरक पडत नाही," त्या म्हणाल्या. "उलटा केला तर जास्त चांगला दिसन." दुसरा नरेशभाऊचा भोपळा. त्याने बराच वेळ भोपळा न्याहाळला आणि कबूल केलं, की सरळ कुठून आहे हे आता त्यालाही सांगता येणार नाही.

तिसरं चित्र भय्याजींचं होतं. त्यात कोट घातलेले, खुर्चीत बसलेले, मिशीवाले सिन्हासाहेब होते. निवृत्त महाव्यवस्थापक, आजचे प्रमुख पाहुणे.

"नाही," भय्याजी म्हणाले. "बिलकुल नाही. साहेबांले उलटं टांगून त्याहीच्या हातून रिबीन कापाची?"

"मग माह्या बायकोले टांगाचं?" बळीराम म्हणाला.

"बळीराम, समजून घे. वहिनीले कोणी वळखत नाही. साहेबांले सगळे वळखतात."

बळीराम साधा माणूस होता. त्याला मंडळात कोणी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. आताही तो मोठ्याने बोलला नाही. "तिले वळखनारी चार वाजता येऊन राहिली," तो म्हणाला. "अन् सहाच्या गाडीनं जाऊन राहिली."

अंजनाबाईंनी भय्याजींकडे असं पाहिलं, की ते कुर्त्याची बटणं तपासू लागले.

"मतदान घ्या," शालिकराम म्हणाला.

मतदान झालं. तुळसाबाई चार, सिन्हासाहेब एक. नरेशभाऊने मत दिलं, पण अट घातली. लोखंड हलवायचं तर शिस्तीत. सगळ्यांच्या पायात बूट पाहिजेत, हातात मोजे पाहिजेत आणि शिट्टीशिवाय कोणी हलायचं नाही. बूट शोधण्यात वीस मिनिटं गेली. मोजे नव्हते, म्हणून अंजनाबाईंनी स्वयंपाकघरातली फडकी दिली. हॉलच्या चौकीदाराला आणि शेजारच्या चहावाल्यालाही बोलावलं. भय्याजी रुसून साहेबांना आणायला निघून गेले.

बळीरामने स्टँड तीस वर्षांसाठी बनवला होता, हे हलवताना सगळ्यांना कळलं. पहिल्या शिट्टीला तो हललाच नाही. दुसऱ्या शिट्टीला शालिकरामची कंबर हलली. तिसऱ्या शिट्टीला स्टँड कुरकुरला, कलला आणि हळूहळू एका कुशीवर येऊन टेकला.

"अर्धं काम झालं," नरेशभाऊ म्हणाला. "पाच मिनिटं दम घ्या."

ती पाच मिनिटं चांगलीच महागात पडली. दम घेऊन सगळे उठले आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. सिन्हासाहेब वेळेच्या अर्धा तास आधी आले होते. मोठे साहेब कधीच वेळेवर येत नाहीत, हे गृहीत धरून मंडळाने सगळं ठरवलं होतं. पण हे निवृत्त साहेब होते. त्यांना घरी काही काम नव्हतं.

"चला, लवकर! शिट्टी मार!" बळीराम ओरडला.

नरेशभाऊने शिट्टी तोंडातून काढून खिशात टाकली. "बाहेरची मानसं आत आली. आता वजन हालवता येत नाही. नियम हाय. जसं हाय तसं खाली विटा लावा."

"नरेशभाऊ, हात जोडतो."

"बळीराम, छत्तीस वर्षं तुले दोनी हातांनी घरी कोनं पाठवलं? याच नियमानं."

विटा लागल्या. स्टँड आडवा राहिला. मरोदाचा तलाव भिंतीसारखा उभा झाला. भोपळ्याला काही झालं नाही. सिन्हासाहेब खुर्चीसकट डाव्या कुशीवर झोपले होते.

रिबीन कापून खरे सिन्हासाहेब आत आले. पहिल्या दोन स्टँडवरची पाच वांगी त्यांनी शांतपणे पाहिली. तिसऱ्या स्टँडपाशी ते थांबले. मान वाकडी केली. भय्याजींच्या कोसा कुर्त्याला घाम आला.

"ये मैं हूँ?"

"जी, साहब."

"लेटा हुआ क्यों हूँ?"

भय्याजींनी एकदा छताकडे पाहिलं. "साहब, ये रिटायरमेंट के बाद का है."

सिन्हासाहेब बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सही है. मिसेज़ यही कहती हैं." आणि ते पुढे चहाकडे गेले. मान मात्र त्यांची तशीच वाकडी राहिली. अंजनाबाईंनी त्यांना बाम लावायला दिला.

बळीरामला यातलं काही दिसत नव्हतं. तो दाराकडे पाहत होता. चार वाजून दहा मिनिटांनी रोशनी आली. पावर हाउस स्टेशनहून ऑटोने, खांद्यावर बॅग, केस उडालेले. ती वडिलांच्या पाया पडली आणि म्हणाली, "कुठं आहे आई?"

त्याने सगळं सांगायचं पाठ करून ठेवलं होतं. बाण, वांगं, परमिट, विटा. पण त्यातलं पहिलंच वाक्य त्याला आठवेना. त्याने नुसतं बोट दाखवलं. 'वांगे' ही पट्टी शालिकरामने आधीच नखाने खरवडून काढली होती आणि आता तो तिच्या खुणेसमोर अंग चोरून उभा होता.

रोशनी चित्रापुढे गेली. तिने मान वाकडी केली नाही. ती सरळ उभी राहून पाहत राहिली. शालिकराम बाजूला झाला. बळीराम तिच्या मागे जाऊन उभा राहिला.

"रोशनी, ते थोडं..."

"बाबा, हे तुमाले कसं माहीत?"

"काय?"

"आई अशीच झोपायची ना. दुपारी. भिंतीकडे तोंड करून, पदर डोक्यावरून घेऊन. मैं स्कूल से आती थी तो ऐसे ही दिखती थी. आधी पाठच दिसायची." तिने डोळे पुसले नाहीत. "पण तुमी तर ड्यूटीवर राहायचे. तुमी घरी असले का ती कधी झोपायची नाही. म्हणायची, बाबा येऊन राहिले, उठू दे."

बळीराम चित्राकडे पाहू लागला. छत्तीस वर्षं तीन पाळ्या केल्या. तो घरी असला की तुळसाबाई कधी बसलेली दिसायची, कधी उभी. दिवसा आडवी झालेली त्याने तिला शेवटच्या आजारपणातच पाहिली होती. ती दुपारी झोपते, हे त्याला आजपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

तांदूळ निवडत होती, असं सांगायला त्याने तोंड उघडलं.

"माहीत होतं," तो म्हणाला.

रोशनीने बॅगेतून मोबाइल काढला आणि आईचा फोटो काढला. कोणीही पाठ फिरवली नाही, ती आधीच फिरलेली होती. मग बापलेक समोरच्या दोन खुर्च्या ओढून बसले.

साडेपाच वाजता सिन्हासाहेबांची गाडी गेली. भय्याजी अस्तन्या वर करत हॉलमध्ये शिरले. मागे नरेशभाऊ, शिट्टी पुन्हा तोंडात. त्यांच्या मागे शालिकराम, चौकीदार आणि चहावाला, सगळ्यांच्या हातात फडकी.

"चला रे!" भय्याजी गरजले. "गेले साहेब! आता वहिनीले सरळ उभं करू! बळीराम, ऊठ, एकीकडून धर!"

बळीराम उठला नाही. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो म्हणाला.