अनुमोदक कोन?

पंखा बंद करायचा असला तरी रफीकचाचांना अनुमोदक लागतो. न्हाव्याच्या दुकानात खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड बांधून झालं, की म्हणणार, "पंखा बंद करन्यात यावा. सूचक मी. अनुमोदक कोन?" कोणीतरी हसत हात वर करतं. मग चाचा म्हणतात, "मंजूर. कर बंद." अनुमोदक मिळाला नाही तर कुडकुडत दाढी करून घेतील, पण पंख्याच्या बटणाला हात लावणार नाहीत.

हे खूळ कुठून आलं, तर फार वर्षांपूर्वी चाचा एकदा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. एकदाच. पुढच्या निवडणुकीत पडले. पद गेलं, सभा अंगातून गेली नाही. आता आठवडी बाजारात निंबाखाली बसून गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात, आणि शेगडी घेऊन आलेल्या माणसाला आधी विचारतात, "विषय काय?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. शेलूबाजार आणि वाशीमच्या मधे कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं तर आमचे सरपंच मला कोर्टात खेचतील, आणि तेवढं एक काम मात्र वेळेत करतील. गाव बाजाराचं. चाचांच्या मते तर इथं आधी बाजार होता, गाव मागून आलं. "बैल थकले, व्यापारी थांबले, कोनी चूल मांडली, झालं गाव," हा त्यांचा इतिहास. पुरावा मागितला की म्हणतात, "पुरावा कायले पाह्यजे? सर्वानुमते हाय."

या गावात मी पत्रकं वाटते. मागणी एकच होती: बाजारात बायकांसाठी शौचालय. पुरुषांना मुतारी आहे. नसती तरी गावातल्या सगळ्या भिंती त्यांच्याच. बायका पहाटे टोपली घेऊन येतात, दिवेलागणीला परततात आणि बाजाराच्या दिवशी पाणी पीत नाहीत. हे आमच्याकडं आई लेकीला शिकवते, सासू सुनेला. बाजार असला की घोट घ्यायचा नाही, भर उन्हाळ्यातही नाही. बाजाराची पावती मात्र बाईच्या नावानंही फाटते. मी पत्रकात विचारलं, 'पावती घेता, आडोसा देत नाही, ही वसुली की लूट?' सरपंचांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यातलं 'लूट' तेवढं काढता येईन का?"

मी चाचांकडं गेले. गेलेली वीज परत आली म्हणून आभार मानायच्या ठरावालाही अनुमोदन देणारा माणूस, मला नाही कशाला म्हणेल? त्यांनी पत्रक वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि बर्नर फुंकायला लागले.

"चाचा, अनुमोदन देसान नं?"

"पाहू."

"पाहू काय? मोकाट कुत्र्यायच्या ठरावाले तं तुमी दोन्ही हात वर केले होते."

"थो विषय मले समजत होता, पोरी."

मी तणतणत उठले. बायकांचं नाव निघालं की भल्याभल्यांची दातखीळ बसते. चाचाही त्यातलेच निघाले, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

ग्रामसभा बाजाराच्या दिवशी सकाळी होती. हा चाचांचाच जुना हट्ट. एरवी माणसं येत नाहीत, कोरम भरत नाही आणि सभा तहकूब होते. 'तहकूब' ही चाचांना येणारी एकमेव शिवी. पुरुष सतरंजीवर बसले होते, बाजाराच्या बायका दारात उभ्या. मी ठराव वाचला. कोणी मोबाइल काढला, कोणी नखं पाहू लागलं. ग्रामसेवकानं विचारलं, "अनुमोदक?" सगळ्यांच्या माना सवयीनं चाचांकडं वळल्या.

चाचा उठले. "मी देत नाई."

मागं कोणीतरी फिसकन हसलं.

"माही बायको याच बाजारात बांगड्या इकत होती," चाचा म्हणाले. "मी निंबाखाली, ते तिकडच्या कोपऱ्यात. मी घडीघडी चहा पेत होतो, तिलेही पाठवत होतो. कप भरेलच्या भरेल वापस येत होता. मले वाटे रुसली. घरी जाऊन भांडत होतो, माहा चहा काहून वापस करतं म्हून. मंग बीमार पडली. वाशीमले डॉक्टरनं इचारलं, बाई, पानी काहून पेत नाई? त्याले सांगतलं तिनं. मले कदी सांगतलं नाई."

त्यांनी दाराकडं हात केला.

"समोर बसून मले जे उमजलं नाई, त्याले मी कसा अनुमोदन देऊ? ज्याइले समजते त्या दारात उभ्या हायेत. त्याइले इचारा."

सरपंच म्हणाले, "चाचा, त्यायले कायले मधात—"

"लिहा माहं नाव." दारातून आवाज आला. मिरचीवाली शेवंतामावशी. सभेत तिचा आजवर फक्त खोकला ऐकू आला होता. तिच्यामागून दुसरी म्हणाली, "माहं बी लिहा." मग तिसरी. ग्रामसेवक म्हणाला, "अनुमोदक एकच पुरतो, बाई."

"तुमाले पुरते," शेवंतामावशी म्हणाली. "आमाले नाई पुरत."

त्यानं सगळी नावं लिहिली.

पुढं मंजुरी, कंत्राटदार आणि माझी भांडणं, हा वेगळ्या पत्रकाचा मजकूर आहे. शौचालय झालं. कंत्राटदारानं दाराला कडी लावली ती बाहेरून. आतली कडी चाचांनी बसवून दिली, बाजार नसताना, कोणी पाहत नसताना.

परवाच्या बाजारात भर दुपारी चाचा किटली घेऊन निघाले. मिरची, भाजी, मडकी, ओळीनं सगळ्या बायकांना चहा देत कोपऱ्यापर्यंत गेले. चाची वारली, तिच्या जागेवर आता प्लास्टिकच्या बादल्या विकणारी बसते. तिला म्हणाले, "बाई, जराशी सरकतं का?" ती सरकली. तिला कप दिला, एक स्वतः घेतला आणि तिथंच मातीत बसले.

तिनं चहा संपवून कप पुढं केला. "चाचा, अजून अर्धा टाका न."

चाचांनी किटली वाकडी केली. थेंबही आला नाही. रिकामी किटली घेऊन ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि हॉटेलाकडं निघाले, या वयात, जवळजवळ पळत.