हिज कवळी, हर कवळी

दातांच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा जावईबापूंनी एक छोटासा निश्चय केला: इंग्रजी सुधारायचं. बस, तेवढंच. त्यापायी कोणाच्या तोंडचे दात पळतील हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जावईबापू त्या दवाखान्यात काउंटर सांभाळत. फोन घ्यायचे, पेशंटला धीर द्यायचा, लॅबमधून आलेल्या डब्यांवर लेबलं लावायची. जुन्या डॉक्टरांच्या काळात ते लेबलावर 'उंच आजोबा' किंवा 'खोकणाऱ्या काकू' असं लिहीत आणि सगळं सुरळीत चाले. नव्या बाईंना मात्र सगळं इंग्रजीत हवं होतं.

सुदैवाने इंग्रजीचे मास्तर घरातच होते. सासरेबुवांनी उभा जन्म शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि सध्या ते सासूबाईंसह लेकीकडे मुक्कामाला होते, कवळ्या बसवून घ्यायला. (जावई दातांच्या दवाखान्यात असल्याचा आजवर मिळालेला हा एकमेव मान.) अडचण एकच होती. मास्तरांच्या तोंडात सध्या एकही दात नव्हता.

"आज आपण माझं-तुझं शिकू," सासरेबुवांनी चहात बिस्किट बुडवत सुरुवात केली. बोळक्या तोंडातून ते 'आव आपण माव-हुवं हिकू' असं आलं, पण जावईबापूंना एव्हाना सराव झाला होता.

विषय निघाला आणि म्हातारबांना नुसता चेव चढला. 'इट्स' हा शब्द म्हणे अगदी परवाचा, चारेकशे वर्षांचा! त्याआधी इंग्रज मेजाच्या पायालासुद्धा 'हिज' पाय म्हणायचे! जावईबापूंच्या अंगावर काटा आला. त्यांनी मेजाकडे पाहिलं. आपण इतकी वर्षं एका गृहस्थाच्या पाठीवर ताट ठेवून जेवत होतो!

"आणि हिज कधी, हर कधी?" त्यांनी अधीर होऊन विचारलं.

यावर सासरेबुवांनी इंग्रजीतला सोन्यासारखा नियम सांगितला: धन्याकडे बघायचं, धनाकडे नाही. म्हणजे वस्तू कोणाची आहे ते बघायचं, वस्तू कोणती आहे ते नाही. पण कानावर आलं ते असं: "हन्याकडे बघायचं, हनाकडे हाही."

"कळलं!" जावईबापू उडालेच. त्यांच्या कानांनी त्यातलं 'धन' तेवढं पकडलं होतं. "वस्तूकडे बघायचं! आपल्यासारखंच! टोपी ती, म्हणून 'त्याची'. सदरा तो, म्हणून 'त्याचा'. टोपी असली की हर, सदरा असला की हिज!"

सासरेबुवांचं बिस्किट नेमकं तेव्हाच चहात गळून पडलं. ते चमच्याने हुडकण्याच्या नादात त्यांनी "हूं" केलं. झालं. गुरुमंत्र मिळाला.

पुढच्या आठवड्यात दोघांच्या कवळ्या बसवून पाहिल्या. छान बसल्या. आता फक्त शेवटचं पॉलिश बाकी होतं. डॉक्टरीणबाई परिषदेला परगावी निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "दोघांचं आडनाव एकच आहे. आडनावापुढे हिज किंवा हर लिहा, म्हणजे घोळ व्हायला नको."

जावईबापूंचा आनंद गगनात मावेना. शिकलेलं इतक्या लवकर कामी येतं कुठे? त्यांनी पहिली डबी समोर ओढली. कवळी. ती कवळी. हर! दुसरी डबी. हीसुद्धा कवळीच. हर! (सासऱ्यांचा एखादा दात शिल्लक असता तर तो दात म्हणून 'हिज' लिहायची हौसही भागली असती. पण असो.) दोन्ही लेबलं त्यांनी नीट दाबून चिकटवली आणि डब्या लॅबमध्ये धाडल्या.

कवळ्या परत आल्या त्या दिवशी सासरेबुवांच्या शाळेत माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. प्रमुख भाषण त्यांचंच. जावईबापू धावतपळत डब्या घेऊन घरी पोचले. सासरेबुवा कोट चढवून दारातच उभे होते.

जावईबापूंच्या बायकोने डब्या पाहिल्या. "अहो, दोन्हीवर हर लिहिलंय."

"बरोबर आहे. कवळी ती."

"ते असू दे. यातली बाबांची कुठली?"

व्याकरण शंभर टक्के बरोबर होतं, पण माहिती शून्य होती. त्यांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बंद. लॅबला लावला. कोणी उचलेना. तेवढ्यात सासरेबुवांचा धीर सुटला. "ही मावी!" असं ओरडून त्यांनी एक डबी उघडली आणि कवळी तोंडात बसवूनही टाकली. उरलेली सासूबाईंच्या वाट्याला आली.

"टोचतेय," सासरेबुवा म्हणाले.

"माझं तोंडच मिटत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"नवी कवळी सुरुवातीला टोचायचीच," जावईबापूंनी दवाखान्याच्या अनुभवी आवाजात निकाल दिला. "उद्यापर्यंत सवय होईल."

सभागृह गच्च भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, त्यांच्यामागे लेक आणि जावई. सासरेबुवा उभे राहिले आणि टाळ्या कडाडल्या. विषय त्यांच्या जिवाभावाचा होता, इंग्रजीतलं माझं-तुझं.

"मित्रहो-टक," ते म्हणाले. "एके काळी-टक-मेजाचा पायसुद्धा-टक-हिज पाय होता-टक."

माजी विद्यार्थ्यांत खसखस पिकली. सासरेबुवांनी तिकडे दुर्लक्ष केलं. पण त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली आणि ते थबकले. सासूबाई हसत होत्या! चांगली बत्तिशी दाखवून! ज्या बाई आजवर फक्त लग्नाच्या फोटोत हसल्या होत्या, तेही फोटोवाल्याच्या धाकाने, त्या भर सभेत नवऱ्याकडे बघून हसत होत्या. नवऱ्याची कवळी तोंडात असल्यावर दुसरं करणार तरी काय? ओठ मिटायला हवेत ना!

सासरेबुवांनी दोन वाक्यं कशीबशी रेटली. पुन्हा पाहिलं. हसू तसंच.

"अगं, हसतेस काय!" ते कडाडले.

त्या 'हसतेस'च्या जोरावर कवळी तोंडातून सुटली, पाण्याच्या तांब्यावर ठणकन आपटली आणि मेजावरून घसरत प्रमुख पाहुण्यांच्या बशीत जाऊन बसली. पाहुण्यांनी आधी बशीकडे पाहिलं, मग घाईघाईने स्वतःचे दात चाचपले.

सासूबाई उठल्या. शांतपणे मंचावर चढल्या, बशीतली कवळी उचलून उलटीसुलटी करून पाहिली.

"ही माही," त्या म्हणाल्या. मग स्वतःच्या तोंडातली काढली. "आणि ही हुमची."

दोघांनी सभेकडे पाठ केली. तांब्यातलं पाणी खळखळलं. आणि सासरेबुवा वळले ते अगदी सिंहासारखे!

"मित्रहो!" किती महिन्यांनी तो आवाज असा खणखणीत लागला होता. "हेच मी सांगत होतो! मराठीत कवळी स्त्रीलिंगी, म्हणून माझीही कवळी आणि हिचीही कवळी. इंग्रजीत धन्याकडे बघायचं, धनाकडे नाही!"

असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की छताचे पंखे हलले. सासूबाईसुद्धा हसल्या, आणि या वेळी आपल्या स्वतःच्या दातांनी. दुसऱ्या रांगेत जावईबापू मात्र खुर्चीत खाली खाली सरकत होते. धन्याकडे! अरे देवा, धन्याकडे!

"आणि हे उदाहरण घडवून आणणारे माझे जावई, ते बघा तिथे!" सासरेबुवांनी बोट दाखवलं. अख्खं सभागृह वळलं.

परतताना गाडीत सासरेबुवांनीच त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'माझा' हा शब्द वस्तूप्रमाणे बदलायचा, अगदी आपल्यासारखा. तुम्ही चुकला नाहीत, थोडे उशिरा जन्मलात."

एवढं ऐकताच जावईबापूंची कळी खुलली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई येताच त्यांनी डब्यांच्या घोळासकट ते छाती काढून सांगितलं.

"आणि हिज नि हर? तेही बदलायचे?" बाईंनी विचारलं.

जावईबापूंनी तिथूनच सासऱ्यांना फोन केला. "नाही," सासरेबुवा सगळ्या दातांनिशी स्पष्ट म्हणाले, "ते तेव्हाही बदलत नव्हते."

बाई रागावणारच होत्या, पण तेवढ्यात दार उघडलं आणि मेळाव्यातली म्हातारी मंडळी आत येऊ लागली. बाकडी भरली, माणसं उभी राहिली. मास्तरांचा तो खणखणीत आवाज ऐकून सगळ्यांना कवळ्या हव्या होत्या! बाई चकित. आपल्यामुळे दवाखान्याचं भाग्य उजळलं या आनंदात जावईबापूंनी भांग सारखा केला.

पहिले आजोबा काउंटरवर वाकले. "मास्तरांचे जावई इथेच असतात ना?"

"मीच तो!" जावईबापू उठून उभेच राहिले.

आजोबांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मागच्या मंडळींकडे वळून म्हणाले, "खबर खरी आहे. सगळ्यांनी आपापली डबी घरूनच नाव घालून आणायची."