बाईंचा गाऊन आणि रंगमंचाचा पडदा

"एवढी फाईल बदलून देता का?" बायकोने विचारलं आणि मी "त्यात काय!" म्हणालो. (हे दोन शब्द मला आजवर स्वस्तात पडलेले नाहीत.)

बायकोचं शिवणाचं दुकान आहे. एका गायन विद्यालयाची मोठी ऑर्डर तिला पहिल्यांदाच मिळाली होती. रंगमंचाचा पडदा आणि प्राचार्याबाईंना समारंभात घालायला गाऊन, दोन्ही एकाच जांभळ्या मखमलीचे. विद्यालयाने मापं पाठवली ती एक्सएमएलमध्ये. कापड कापून देणाऱ्या काकांच्या मशीनला कळतं फक्त जेसन. दोन्ही माहिती लिहायच्याच पद्धती, पण एकीचं बोलणं दुसरीला समजत नाही. (आमच्या घरातही अशी एक जोडी आहे.) आणि मी पडलो सॉफ्टवेअरवाला!

फाईल उघडली तर प्रत्येक मापाच्या आधी एक अक्षर आणि दोन ठिपके. 'ए:लांबी', 'बी:लांबी'. याला नेमस्पेसची खूण म्हणतात. ही लांबी गाऊनची की पडद्याची, ते त्यावरून कळतं. मला मात्र तो नुसता पसारा वाटला. मी प्रोग्रॅम लिहून सगळी अक्षरं उडवली. फाईल अशी टापटीप दिसायला लागली की मी बायकोला मुद्दाम बोलावून दाखवली.

आता जेसनमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी आल्या, की नंतरची आधीच्या नोंदीला गिळून टाकते. आमच्या फाईलमध्ये नंतर होता पडदा.

काकांकडून कापलेल्या कापडाचा गठ्ठा आला. बायको एक तुकडा उलगडू लागली. तो बैठकीच्या खोलीतून निघाला, स्वयंपाकघरात वळला आणि बाल्कनीत जाऊन थांबला.

"पडदा झकास आहे हं!" मी म्हणालो.

"ही बाही आहे."

"कसली बाही?"

"डावी."

मी तावातावाने काकांना फोन लावला. "काका, माणसाचा गाऊन एवढा असतो का?"

"मला वाटलं, पुतळ्याला घालायचा असेल," काका शांतपणे म्हणाले. "फाईल तुम्हीच दिलीत ना?"

मी फोन ठेवला. मापांचा एकच संच उरल्यामुळे गठ्ठ्यात एकच वस्तू निघाली, पडद्याच्या मापाचा गाऊन; पडदा नव्हताच.

तेवढ्यात बाईंनी गाऊनची लांबी बोटभर वाढवून नवी फाईल पाठवली. या वेळी मी अक्षरांना धक्का लावला नाही. 'ए' म्हणजे गाऊन, 'बी' म्हणजे पडदा, असं प्रोग्रॅमला बजावलं आणि छाती फुगवून फाईल धाडली.

पण ते अक्षर म्हणजे नुसतं टोपणनाव! खरी ओळख फाईलच्या माथ्यावर, लांबलचक पत्त्यासारखी लिहिलेली असते. नव्या फाईलमध्ये विद्यालयाच्या कॉम्प्युटरने टोपणनावांची अदलाबदल केली होती. माथ्यावर तसं स्वच्छ लिहिलेलं होतं. ते मी वाचलं नव्हतं. (फार लांब होतं हो!)

दुसरा गठ्ठा आला. गाऊन पुन्हा राक्षसाचा, आणि पडदा बाईंच्या अंगाच्या मापाचा. बायकोने तो पडदा खिडकीशी धरून पाहिला.

"याच्यामागे एक गायक लपेल," ती म्हणाली. "तोही काटकुळा असला तर."

"मी आणखी एकदा प्रोग्रॅम..."

"बाजूला व्हा."

समारंभ तोंडावर आलेला आणि दुकानात मखमलीची चिंधीही उरलेली नाही. तिने बाईंना फोन लावला. "बाई, तुमची उंची सांगा. बरं. आता रंगमंचाची सांगा." झालं! हेच काम करायला मला दोन प्रोग्रॅम लागले होते आणि ते दोन्ही चुकले होते.

मग ती गठ्ठे घेऊन काकांकडे गेली. मशीन बंद करून काकांनी कात्री हातात घेतली. दोन राक्षसी गाऊन जोडून पडदा झाला, त्या इवल्या पडद्यातून बाईंचा गाऊन निघाला. दोघं दिवसभर मान मोडून शिवत होती. मला कशालाही हात लावायची परवानगी नव्हती.

समारंभात पडदा सुळकन सरकला. मागे बाई गाऊन घालून ऐटीत उभ्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. बायकोचे डोळे भरून आले. ती माझ्या दिशेने वळली.

"अहो, तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं!"

मी विरघळलो. घसा खाकरून म्हणालो, "छे गं, आपल्याच माणसासाठी एवढं तर..."

"तुम्ही नाही," ती म्हणाली. "जरा सरका. मी काकांशी बोलतेय."