आक्काच्या तोंडी न येणारं नाव

हरिहर ओगल्यांच्या मुलाचं बारसं नौपाड्यात गाजलं, ते घुगऱ्यांमुळे नव्हे. आत्याबाईंनी ऐन पाळण्याशी संप पुकारला म्हणून.

स्वातंत्र्य आल्यापासून नौपाड्यात प्रकाशांचं पीक आलं होतं. खिडकीतून 'प्रकाश' अशी हाक मारली, की सात घरांतले प्रकाश दूध प्यायचे थांबत. म्हणून हरिहरनं मुद्दाम जुनं नाव शोधलं: दामोदर. आठवडाभर तो भेटेल त्याला अडवून अर्थ सांगत होता. दाम म्हणजे दावं, उदर म्हणजे पोट. खोड्याळ कृष्णाला यशोदेनं पोटाला दावं बांधून उखळाला जखडलं, तो दामोदर. वाण्यानं तेवढं ऐकून मान डोलावली होती. "म्हणजे दाम पोटात घालणारा. धंद्याला बरं नाव आहे."

मुहूर्ताला हरिहरची थोरली बहीण, आंबिवलीची रंगूआक्का, पाळण्यावर वाकली. तिच्या पाठीत धपाटे घालायला बायकांनी मुठी वळल्या. आणि ठरलेलं नाव कळताच आक्का ताठ उभी राहिली.

"मला नाही बाई जमायचं ते नाव."

"अगं, अर्थ तरी ऐक," हरिहर दारातून म्हणाला. "दाम म्हणजे दावं..."

"अर्थ तुझ्यापाशी ठेव. दुसरं नाव सांग."

मानपानाचं दुखणं असणार, हरिहरनं ताडलं. धावत जाऊन त्यानं कपाटातलं कोरं लुगडं आणलं नि आक्काच्या हातावर ठेवलं. आक्कानं ते मुकाट्यानं काखेत मारलं.

"लुगडं घेते. नाव घेणार नाही."

"अहो, ते माझं होतं," बाळंतीण सुमती क्षीण आवाजात म्हणाली.

"मुहूर्त टळतोय हो," शेजारच्या विमलाबाई पुढे सरसावल्या. "मी सांगते कानात."

आक्का पाळण्याला आडवी झाली. "आत्या मी की तुम्ही?"

"मग सांग की," हरिहर रडकुंडीला आला.

"कसं सांगू? त्या नावाची एक चीज आहे आमच्या घरी."

"कसली चीज?"

"मिशीवाली," आक्का पदराआडून म्हणाली.

बायका फसकन हसल्या. हरिहरनं डोकं खाजवलं. "मांजर?"

सुमतीनं कपाळावर हात मारला. "अहो, तात्या."

आक्काच्या लग्नात हरिहर एवढासा होता. त्याच्या लक्षात राहिली होती ती जिलबी. तेव्हापासून आक्काचे यजमान साऱ्या जगाचे तात्या. खात्री करायला तो ओटीवर धावला. तात्या घुगऱ्यांचे बोकणे भरत बसले होते.

"तात्या, तुमचं नाव काय हो?"

तात्यांचा हात तोंडापाशीच थांबला. "इतकी वर्षं माझ्या दारचे आंबे खाल्लेस, नि आज नाव विचारतोस?" त्यांनी टोपी चढवली आणि आत आवाज दिला, "चल गं, निघू या."

तात्या निघाले की आक्का निघणार. आक्का निघाली की नाव गेलं. हरिहरनं तात्यांची वाट अडवली.

"तसं नव्हे, तात्या. बाळाचं नाव दामोदर ठेवतोय."

तात्या मटकन बसले. मिशी थरथरली. "माझं नाव? पोराला?"

हरिहरनं यशोदा, दावं, उखळ, सगळं एका आवंढ्यात गिळलं. "तुमचंच."

"मग आब राखून ठेवा. दाम्याबिम्या म्हटलेलं खपायचं नाही मला."

तोवर आत विमलाबाईंना युक्ती सुचली होती. "उखाण्यात घ्या की. उखाण्यात चालतं."

आक्काची कळी खुलली. ती वाकली, तसं बाळानं तिचं बोट मुठीत धरलं.

"यशोदेच्या दाव्यानं आवळलं कान्ह्याचं पोट,
दामोदररावांचं नाव घेते, सोडा आता बोट."

पाठीवर धपाट्यांचा पाऊस पडला, पाळणा हलला, आनंदाच्या भरात हरिहरनं स्वतःलाच दोनदा घुगऱ्या वाटल्या.

"पण कानात 'राव' गेलं हो," विमलाबाई गालावर बोट ठेवून म्हणाल्या. "आता तेच लागलं."

गेलेलं नाव कानातून परत कसं काढणार? हरिहर पाळण्यापाशी अदबीनं वाकला. "अहो दामोदरराव," त्यानं म्हणून पाहिलं. दामोदररावांनी भोकाड पसरलं.

आक्कानं दुपट्याखाली हात घातला. तिच्या तोंडी नाव पुन्हा यायचं नव्हतं, आणि 'अरे' म्हणायला जीभ रेटेना. मग जन्माची सवय होती तीच हाक तिनं घातली, चांगली ओटीवर ऐकू जाईल अशी.

"अहो, ऐकलंत का? बसल्या जागी सगळं भिजवलंत की."

ओटीवर तात्या दचकून उठले आणि मागून धोतर चाचपू लागले.