जमादाराची पारख

जमादारासारखा कुत्रा अख्ख्या वडवणी तालुक्यात न्हाई, असं धुळाजी छातीठोक सांगायचा! दुष्काळात दूध संस्थेनं गावाबाहेर चारा छावणी उघडली, तेव्हा धुळाजीला राखणदार नेमलं ते या कुत्र्याच्याच जोरावर.

जमादार तेरा वर्षांचा. टँकरची जागा बदलली की तो चाकावर नाक आपटायचा. "हवा तपासतो!" धुळाजी सांगायचा. दिवेलागणीला तो कुडाला अंग घासत चालायचा. "हद्द मोजतो!" समोर टाकलेली भाकरी त्याला हुंगत हुंगत शोधावी लागायची. "हावरा न्हाई, साधू हाय!"

धुळाजीची बायको बायनाबाई मात्र म्हणायची, "अवो, त्याच्या डोळ्यात निळं पडलंय. घरातला उंबरा नीट वलांडतो, पण काल बाज हलवली तर धाडकन तिच्यावर गेला. डॉक्टरला दाखवा की!"

"गप गं! तुला कुत्र्यातलं काय कळतंय?"

अन् छावणीतला कडबा चोरीला जायला लागला. संस्थेचे चेअरमन सुंदरराव सगळ्यांपुढं गरजले, "सोमवारपर्यंत चोर घावला न्हाई, तर तुझी राखणदारी बंद!"

धुळाजी मनात हिशेब करायला लागला. पाऊस न्हाई, पीक न्हाई. हे काम गेलं तर खायचं काय?

सोमवारी सकाळी त्यानं छावणीत जनावरं आणलेल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं. "एकेकानं जमादारापुढून जायचं. ज्याच्यावर भुंकला, तो चोर! अन् तोंड कुणी उघडायचं न्हाई. गोड बोलून फसवाल त्याला!"

छावणीत पाणी जनावरांनाच पुरत नव्हतं, माणसांच्या आंघोळीचं तर नावच नको. त्यामुळं सगळ्यांच्या अंगाला बैलांचाच वास. छबुबाई गेली, सटवा गेला, पन्नास माणसं गेली. जमादार आपला शेपूट हलवत बसलेला!

शेवटी उरले सुंदरराव. न्हाऊन, इस्त्रीचे कपडे घालून, अत्तर लावून आलेले. ते ऐटीत पुढं झाले मात्र, जमादार असा भुंकला की खुंट्याला बांधलेले बैल उठून उभे राहिले! सुंदरराव मागं सरकले. कुत्रा पुढं. सगळी छावणी टक लावून बघतेय.

"दोनच पेंढ्या नेल्या बे!" सुंदरराव ओरडले. "मेव्हण्याच्या म्हशीला!"

"दोनच?" सटवानं विचारलं.

"रोज दोनच!"

झालं! दुपारच्या बैठकीत चेअरमनपद गेलं. धुळाजीनं जमादाराला हार घातला अन् मिशीला पीळ दिला. तेवढ्यात जनावरांना लस टोचायला डॉक्टर आले. त्यांनी कुत्र्याकडं बघितलं, पिशवीतला कापसाचा बोळा काढला अन् त्याच्या डोळ्यांपुढून खाली सोडला. जमादारानं मानसुद्धा हलवली न्हाई.

"याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "वयानं नजर गेलीय. वर्ष तरी झालं असेल. तुमच्या लक्षात नाही आलं?"

धुळाजीनं बायनाबाईकडं बघितलं. तिनं पदरानं जमादाराचे डोळे पुसले, त्याचंच त्याला जास्त लागलं. तो जमादाराच्या पाठीवरून हात फिरवत बसला. म्हातारं जनावर रोज धडकत होतं, अन् आपण त्याच्या बढाया मारत होतो!

"मग भुंकला कावून?" सटवानं विचारलं.

"अनोळखी वास आला असेल. अत्तर कुणी लावलंय?"

कोपऱ्यात बसलेले सुंदरराव ताडकन उठले. "मग मी कबूल कावून केलं बे?"

यावर डॉक्टरांकडं औषध नव्हतं. त्यांनी जमादारापुरतं सांगितलं, की वस्तूंच्या जागा बदलू नका, अन् जवळ जाण्याआधी आवाज द्या. दिसत नसलं तरी चोर त्यानंच धरला, म्हणून संस्थेनं धुळाजी अन् जमादार दोघांनाही कामावर ठेवलं. कडब्याकडं जाताना ज्यानं त्यानं आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, असा नियम झाला. चोरी बंद! स्वतःचं नाव पुकारून कोण चोरी करणार?

सुंदररावांच्या दोन गाई अजून छावणीतच हायेत. रोज सकाळी ते लांबूनच थांबतात अन् ओरडतात, "जमादार, मी हाय रे, चेअरमन सुंदरराव!"

जमादार गुरगुरतो.

सुंदरराव इकडंतिकडं बघतात, खाकरतात अन् आवाज खाली आणून म्हणतात, "माजी."